१७१ व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन

पावसाळा ओसरला की बडोद्याच्या कमाटीबागेत पडलेली लाकडं मी हटकून बघतो. परवा एका ओंडक्याची साल नखाने सोलली, तर आतलं लाकूड पांढरं, ओलसर, पिंजलेल्या कापसासारखं. चिमटीत धरलं की तंतू सुटून येत होते. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन बुरशीने फस्त केलेलं, मागे बहुतेक सेल्युलोज उरलेलं. हीच पांढरी कूज.

लिग्निन फोडणं फार थोड्या जिवांना जमतं. एरवी एन्झाइम रेणूला आपल्या खाचेत घेतं आणि तिथेच तोडतं. लिग्निन म्हणजे केसांचा गुंतवळ, तो खाचेत मावणार कसा?

१९८३ मध्ये फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम या बुरशीत लिग्निन पेरॉक्सिडेज हे लिग्निन फोडणारं एन्झाइम सापडलं. त्याच्या पोटात हीम हा लोह असलेला रेणू असतो, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यातली हीमशेजारची ४७ वं हिस्टिडिन आणि ४३ वं आर्जिनिन ही आम्लं हायड्रोजन पेरॉक्साइड फोडायला हातभार लावतात, आणि हीम इलेक्ट्रॉनसाठी हपापतं. ज्याचा इलेक्ट्रॉन ओढायचा ते लिग्निन मात्र बाहेरच अडलेलं.

धागा सापडला तो एन्झाइमच्या पृष्ठभागावर. साखळीत १७१ व्या जागेवरच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर ऑक्सिजनचा एक जादा अणू चिकटलेला दिसला. जनुकात त्याची नोंद नसते. पेरॉक्साइडसोबत काम सुरू झालं की एन्झाइम स्वतःच तो चढवून घेतं. इलेक्ट्रॉनची बाहेरची वाट हीच असावी, हा संशय इथेच बळावला. मग संशोधकांनी जनुक बदलून ट्रिप्टोफॅनच्या जागी फेनिलअॅलानिन किंवा सेरिन ही दुसरी अमिनो आम्लं बसवली. व्हेराट्रिल अल्कोहोल या लिग्निनशी नातं सांगणाऱ्या साध्या रेणूवरचं काम ठप्प झालं.

पण नुसतं काम थांबलं म्हणून आम्ल दोषी ठरत नाही. पायातली वीट काढली तरी भिंत ढासळतेच. मला या प्रयोगात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: बदललेल्या एन्झाइममधलं हीम शाबूत होतं आणि पेरॉक्साइडशी त्याची क्रिया चालूच होती. तुटली होती ती फक्त बाहेरची वाट. बाहेरच्या रेणूकडून ट्रिप्टोफॅन इलेक्ट्रॉन घेतं आणि साधारण १ नॅनोमीटर आत असलेल्या हीमकडे पोचवतं.

मँगनीज पेरॉक्सिडेज हे भावंड वेगळं वागतं. त्याची ३५ आणि ३९ व्या जागेवरची ग्लुटामिक आम्लं आणि १७९ वं अॅस्पार्टिक आम्ल मँगनीजला धरून ठेवतात. इलेक्ट्रॉन देऊन सुटलेलं मँगनीज लाकडात शिरून पुढचं काम करतं. धिंगरी अळंबीच्या प्लुरोटस वंशातल्या एरिंजी या जातीत तर दोन्ही सोयी एकाच प्रथिनात आहेत: मँगनीजसाठी तीन आम्लं, आणि पृष्ठभागावर १६४ वं ट्रिप्टोफॅन.