मॅकबुक प्रोची रॅम एम१ने बंद केली नाही

‘एम१ चिप आली आणि मॅकबुक प्रोची रॅम वाढवायची सोय गेली,’ हे वाक्य जुना लॅपटॉप विकणारे-घेणारे अगदी खात्रीने सांगतात. ते चूक आहे. एम१ ही ॲपलची स्वतःची चिप आली नोव्हेंबर २०२० मध्ये. ही सोय त्याआधीच, मॅकबुकमध्ये इंटेलच्या चिपा असतानाच गेली होती.

वळण आलं जून २०१२ मध्ये, १५ इंची रेटिना (जास्त बारीक पिक्सेलच्या स्क्रीनच्या) मॉडेलबरोबर. जाडी सुमारे २४ मिलिमीटरवरून १८ वर आणली आणि रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केली (डाख देऊन पक्की जोडली). विकत घेताना ८ जीबी घेतली, तर कायम ८च.

गोंधळ होतो तो २०१२च्याच बिगररेटिना १३ इंचीमुळे. त्यात रॅम बदलता यायची, आणि ते मॉडेल २०१६ पर्यंत विकलं जात होतं. त्याचे खालचे दहा स्क्रू काढा (तीन लांब असतात, ते वेगळे ठेवा), रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बोटांनी बाहेर ढकला, की पट्टी आपोआप तिरकी वर येते. इतकं सोपं काम मी दुसऱ्या कुठल्याच मॅकबुकमध्ये पाहिलेलं नाही, आणि ते गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) मात्र २०१५ पर्यंतच्या रेटिना मॉडेलांत बदलता यायची. २०१६च्या टच बारवाल्या (कीबोर्डवर टचस्क्रीनची पट्टी असलेल्या) मॉडेलांत तीही सोल्डर झाली. एम१ने रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच नेली, एवढंच.

म्हणून जुना मॅकबुक प्रो घेताना चिप इंटेलची आहे एवढ्यावर विसंबू नका. नेमकं मॉडेल आणि साल तपासा.