बर्फाने दिलेला शत्रू, पाण्याने राखलेली नौका

अमेरिकेच्या आजच्या न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचं सुमारे ५१ किलोमीटर लांबीचं, चिंचोळं सरोवर आहे. त्याच्या दक्षिण टोकाला इंग्रजांनी १७५५ मध्ये फोर्ट विल्यम हेन्री ही गढी उभारली. लाकडी ओंडक्यांच्या भिंती आणि आत माती. फ्रेंचांची फोर्ट कारियाँ ही गढी उत्तरेला होती, आणि मध्ये सरोवर.

उन्हाळ्यात हे पाणी ओलांडायला होड्या हव्यात. हिवाळ्यात ते गोठलं की तोच पायी चालायचा राजरस्ता! मार्च १७५७ मध्ये फ्रेंच सैनिक बर्फावरून चालत आले. गढी त्यांना मिळाली नाही, पण काठावरच्या इंग्रजांच्या होड्या त्यांनी जाळून टाकल्या. ऑगस्टमध्ये फ्रेंच सेनापती माँकाल्म तोफा घेऊन आला. गढी शरण आली आणि नंतर जमीनदोस्त झाली.

१७५८ च्या जुलैत इंग्रजांनी कारियाँवर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. ते पुन्हा दक्षिण टोकाला आले, तेव्हा होड्या राखायला तिथे गढीच उरली नव्हती. म्हणून थंडीपूर्वी त्यांनी दोनशेहून अधिक होड्या दगड भरून बुडवल्या, वसंतात वर काढण्यासाठी. त्यांत एक नवीकोरी युद्धनौकाही होती, ‘लँड टॉर्टॉइज’. ५२ फूट लांब, १८ फूट रुंद, सात बाजूंची, सात तोफांसाठी सात झरोके. गोळ्या अडवायला तिच्या भिंती आत कललेल्या, म्हणून नाव कासवाचं. २२ ऑक्टोबरला ती बुडवली, पण ठरल्यापेक्षा खोल गेली. बऱ्याच होड्या पुढच्या वर्षी निघाल्या. ही निघाली नाही. एकही लढाई न लढलेली ही नौका आज उत्तर अमेरिकेतली सर्वांत जुनी अखंड युद्धनौका म्हणून ओळखली जाते, याची मला गंमत वाटते.

ती टिकली कशी? पाणी साधारण ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर राहतं, आणि तेच आधी गोठतं. म्हणजे पाण्याच्या एकाच गुणामुळे वर शत्रूसाठी वाट तयार होत होती आणि तळाशी बारा महिने थंडावा. तिथे ऊन जवळजवळ पोहोचत नाही, लाकूड कुजवणारे जीव संथपणे काम करतात. शिवाय पाणी गोडं. कोकणातल्या गलबतवाल्यांना डोकेदुखी ठरणारा, लाकूड पोखरणारा शिंपल्यांचा लांबट भाऊबंद खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही.

१९९० मध्ये हौशी शोधकांच्या एका गटाने साइड-स्कॅन सोनार ओढत सरोवर विंचरलं. हे यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतं. कठीण वस्तूवरून प्रतिध्वनी जोरात परततो आणि तिच्यामागे आवाजाची ‘सावली’ पडते. अशा चित्रात, १०७ फूट खोलीवर, सात बाजूंची आकृती उमटली. नौका तिथेच ठेवली आहे. वर काढली तर वाळताना लाकूड आकसून भेगाळलं असतं.

मग १९९९ मध्ये सरोवरात झेब्रा शिंपले सापडले. हे परके जीव मिळेल त्या कठीण पृष्ठभागाला थरच्या थर चिकटतात. पाणबुड्यांनी ते हातांनी वेचून काढले. मात्र त्यांना कवच घडवायला कॅल्शियम लागतं, आणि लेक जॉर्जच्या पाण्यात ते कमी आहे. गढी गेली तेव्हा खोल पाण्याने राखण केली. आता राखण करतेय ती कॅल्शियमची टंचाई.