शुगरच्या पेशंटला चार दिवसांची गोळी देताना

सत्तरीच्या पुढच्या शुगरच्या पेशंटचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची कॉम्बिनेशन गोळी, बीपीची टेल्मिसार्टन, बऱ्याचदा त्याच गोळीत लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन आणि सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल. रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की साधारण त्याला पॉलिफार्मसी म्हणतात. आता शुगर, बीपी, हार्ट असं सगळं एकत्र असेल तर एवढ्या गोळ्या खरंच लागतात, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका. मला जास्त काळजी वाटते ती मधेच चार दिवसांसाठी येणाऱ्या गोळीची, कारण रोजच्या गोळ्यांवर फॅमिली डॉक्टरांचं लक्ष असतं, ही मात्र दुसरेच कोणी डॉक्टर देतात नाहीतर मेडिकलवरून आपणच आणतो.

सगळ्यात कॉमन म्हणजे पेनकिलर. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक आणायची, बरं वाटतं म्हणून अजून आठवडाभर घ्यायची, हे घरोघरी चालतं. किडनीत रक्त गाळायला ठरावीक प्रेशर लागतं, आत येणारी बारीक रक्तवाहिनी मोकळी ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात आणि पेनकिलर नेमकी तीच बंद पाडते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, लघवीची गोळी शरीरातलं पाणी कमी करते, म्हणजे तिन्हीकडून प्रेशर पडतं, आणि त्यात उन्हाळा असेल किंवा जुलाब लागले असतील तर किडनी दोन-चार दिवसांतसुद्धा बिघडू शकते. मेटफॉर्मिन तर किडनीवाटेच बाहेर पडतं, ते साठत जातं, आणि ग्लिमेपिराइडचा परिणामही लांबतो म्हणून शुगर खाली जाते. गुडघ्याची गोळी घेतली आणि शुगर का उतरली, याचं उत्तर हे असं किडनीतून येतं.

किडनी कशी चालते हे बघायच्या रक्ततपासणीत ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ असं आलं तरी त्यावर फार विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, बारीक झालेल्या आजीचे स्नायूच कमी असतात, त्यामुळे किडनीचं काम अर्ध्यावर आलं तरी आकडा ठीक दिसू शकतो. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, तो बघा, तो 30 च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन द्यायचं नसतं, आणि 45 च्या खाली गेला की डॉक्टरांनी डोसचा विचार करायला हवा.

दुसरी येते इन्फेक्शनची गोळी. शुगरवाल्यांना जांघेत, बोटांच्या बेचक्यात बुरशी होते, स्किनचे डॉक्टर फ्लुकोनॅझोल देतात. लिव्हरमधलं जे एन्झाइम ग्लिमेपिराइड मोडतं तेच फ्लुकोनॅझोल अडवून धरतं, मग डोस तोच असूनही रक्तात औषध जास्त राहतं. लघवीच्या इन्फेक्शनला दिली जाणारी कोट्रायमॉक्साझोल, छातीच्या इन्फेक्शनची क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, या सगळ्यांसोबत शुगर अचानक खाली गेल्याच्या नोंदी आहेत. याच लिव्होफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली गॅटिफ्लॉक्सासिन, तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांची शुगर धोकादायक खालीवर होते असं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या अभ्यासात 2006 मध्ये दिसलं आणि भारतात 2011 मध्ये तिच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांवर बंदी आली. म्हणजे हा धोका पुस्तकातला नाही. याच्या उलट दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी स्टेरॉइड दिलं की शुगर भराभर चढते, तेही आधीच सांगायला हवं.

कधीकधी नवी गोळी जुन्या गोळीमुळेच येते. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की बी12 व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, पॅन्टोप्राझोल त्यात भर घालते, पायांना मुंग्या येतात, आणि शुगरने नसा गेल्या असं समजून नसांच्या दुखण्याची प्रीगॅबॅलिन सुरू होते, तिने गुंगी येते, पायांवर सूज येते, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडणं होतं. एकदा बी12 ची टेस्ट करा असं डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, जुन्या स्ट्रिप, काढे, कारल्या-मेथीच्या पावडरीसुद्धा, फक्त फाइल नको. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावाने एकच औषध दिलंय हे पुष्कळदा पिशवीतच सापडतं. आणि मनाने कुठली गोळी बंद करू नका, बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर हार्टला त्रास होतो.

शुगर 70 च्या खाली गेली तर तरुणाला घाम, थरथर, धडधड जाणवते. म्हाताऱ्या माणसात नुसतं बरळणं, चिडचिड किंवा पॅरालिसिससारखी लक्षणं दिसू शकतात, आणि मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हार्टची गोळी चालू असेल तर धडधड लपते, घाम मात्र येतो. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साध्या साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच द्यायची, कारण ती गोळी साखर पोटात फुटूच देत नाही, म्हणून अशा घरात ग्लुकोजचा पुडा हाताशी हवाच. ग्लिमेपिराइडमुळे शुगर उतरली असेल तर माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या, तिचा असर बराच वेळ टिकतो, शुगर काही तासांनी परत घसरू शकते, आणि तोपर्यंत रात्र झालेली असते, घरचे झोपलेले असतात.