लॉज, होमस्टे आणि भाड्याची गाडी: पाहुण्याची नोंद कोणी, कशी आणि किती वेळात करायची

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात गर्दी होते, उन्हाळ्यात लगीनसराई असते. खान्देशातल्या लॉजचा खरा धंदा याच दिवसांत होतो आणि नोंदवहीतल्या चुकाही याच दिवसांत होतात. लग्नाच्या बुकिंगला 'नवरदेवाकडची मंडळी, ३० माणसे' अशी एकच ओळ आणि खाली यजमानाची सही, अशी पाने बऱ्याच काउंटरवर दिसतात. उद्या त्या तिसांतल्या एकाबद्दल पोलिसांनी विचारले, तर त्या ओळीचा काडीचाही उपयोग नाही. आणि उत्तर यजमानाने नाही, लॉजचालकाने द्यायचे असते.

भारतीय पाहुण्यांच्या नोंदीसाठी देशभर लागू असलेला एकच नमुना नाही. ही जबाबदारी स्थानिक परवान्याच्या अटींमधून आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांमधून येते. सण, निवडणुका किंवा बंदोबस्ताच्या काळात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे १४४) आदेश निघतात. असा आदेश एरवी दोन महिन्यांपर्यंत लागू राहतो आणि त्यात लॉज, धर्मशाळा, भाडेकरू यांची माहिती ठेवायला किंवा पोलीस ठाण्यात द्यायला सांगितलेले असू शकते. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिवाला धोका झाला असेल तर मर्यादा १ वर्ष आणि ५,००० रुपयांपर्यंत जाते. म्हणून दर दोन महिन्यांनी आपल्या पोलीस ठाण्यात चालू आदेशाची प्रत मागून घ्या आणि काउंटरमागे लावा.

वहीत काय हवे? खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे पूर्ण नाव, घर-गल्ली-तालुक्यासह पत्ता, मोबाइल, कुठून आला, कुठे जाणार, कशासाठी आला, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची तारीख आणि वेळ, ओळखपत्राचा प्रकार, आणि त्याची स्वतःची सही. सोबत मूल असेल तर त्याचे नाव, वय आणि मोठ्यांशी नातेही लिहा. पत्त्याच्या रकान्यात नुसते 'जळगाव' लिहिलेले चालवून घेऊ नका. पाने क्रमांकित ठेवा, खाडाखोड झाली तर शेजारी सही करा. नाव सांगायला पाहुणा कुरकुरतो. 'आपलाच पाव्हना से भाऊ, नोंद कशाले?' हे वाक्य मॅनेजरला रोज ऐकावे लागते. पण तो समोर उभा आहे तोवरच नोंद होते. सकाळी सहाच्या गाडीने निघून गेला की रकाना कायमचा रिकामा राहतो.

ओळखपत्र म्हणून आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते एकटे पुरत नाही. आधारच हवे असा हट्ट नको. दिलेच तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क केलेली प्रत घ्या. मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. ओळखपत्रांचे फोटो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय तर आजच थांबवा. लोक विश्वासाने कागद देतात, तो सांभाळणेही नोंदीइतकेच आपले काम आहे.

परदेशी पाहुण्याचे नियम मात्र केंद्राचे आहेत आणि काटेकोर आहेत. अजिंठा लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेने येणारे बरेच परदेशी पर्यटक जळगावात उतरतात, इथेच मुक्काम करतात. गांधी तीर्थ पाहायला कोणी येतो, केळीच्या व्यवहारासाठी कोणी रावेर-सावद्याकडे जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे आणि १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट रद्द झाला आहे. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. धंद्यात सगळे त्याला अजून 'सी फॉर्म'च म्हणतात.

त्यासाठी आधी इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर आपल्या लॉजचे खाते उघडायचे. मालकाचे नाव, लॉजचा पत्ता, खोल्यांची संख्या, फोन, ईमेल भरले की जिल्ह्याच्या परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडून मंजुरी येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी हे काम जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालते. खाते पाहुणा दारात आल्यावर नाही, आधीच उघडून ठेवा. मंजुरीला वेळ लागला म्हणून तुमचे २४ तास वाढत नाहीत. फॉर्ममध्ये पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, ते कुठे-कधी दिले, मुदत कधीपर्यंत, भारतात केव्हा आला, आधी कुठे होता, पुढे कुठे जाणार आणि फोटो हे सगळे लागते. व्हिसाची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. निघाला की निघाल्याची नोंदही करा.

हा नियम फक्त लॉजवाल्यांना नाही. धर्मशाळा, होमस्टे, वसतिगृह, दवाखाना, घरगुती मुक्कामही यात येतो. परदेशी नागरिकत्व घेतलेला गावचा मुलगा ओसीआय कार्डावर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) आला, तरी कायद्याने तो परदेशी नागरिकच.

तोरणमाळला किंवा पालला होमस्टे सुरू करायचा असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. साधारण लागणारे कागद म्हणजे मालकाचे ओळखपत्र, जागेचा पुरावा (गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मालमत्ता पत्रक, भाड्याची जागा असेल तर करारनामा), स्थानिक संस्थेची नाहरकत आणि खोल्यांचे फोटो. जेवण देणार असाल तर अन्न परवाना वेगळा. लॉजला याखेरीज दुकाने-आस्थापना नोंदणी लागते (२० पेक्षा कमी कामगार असतील तर फक्त सूचना पुरते) आणि आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचे 'ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते.

आता गाड्या. स्वतः चालवायला गाडी भाड्याने देणे म्हणजे १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेखालचा परवाना, आणि त्यासाठी किमान ५० टॅक्सी गाड्या हव्यात. दुचाकींसाठी १९९७ ची वेगळी योजना आहे, तिथे किमान ५ पुरतात. परवाना ५ वर्षांचा, अर्ज आरटीओकडे. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची घरची गाडी ओळखीत दिवसाच्या भाड्याने देणे आपल्याकडे सर्रास चालते, पण परमिटशिवाय भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच काढते.

गाडीच्या वहीत चालवणाऱ्याचा वाहन परवाना, पत्ता, मोबाइल, गाडी नेल्याची-आणल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर हवेत. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर, त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकाला बंधनकारक आहे. पळासनेरमार्गे मध्य प्रदेशात किंवा नवापूरमार्गे गुजरातेत गेलेल्या गाडीबद्दल असा फोन महिन्यांनीही येऊ शकतो. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कलम १८० खाली मालकालाच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नोंदवायचे नाव बुकिंग करणाऱ्याचे नाही, चालवणाऱ्याचे. दोघे आलटून पालटून चालवणार असतील तर दोघांचे परवाने पाहा आणि दोघांच्याही सह्या घ्या.