लिनक्स-व्हीसर्व्हर: गेस्टच्या संसाधन-मर्यादा आणि नेटवर्क

लिनक्स-व्हीसर्व्हर हा लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, लावायचा पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) आहे. एकाच यंत्रावर, एकाच कर्नलच्या आधाराने, एकमेकांना न दिसणारे अनेक सर्व्हर त्यामुळे चालवता येतात. हे काम २००१ मध्ये जॅक जेलिना यांनी सुरू केले आणि पुढे हर्बर्ट पोट्झ्ल यांनी त्याची धुरा सांभाळली. पॅचच्या जोडीला 'युटिल-व्हीसर्व्हर' हा आज्ञासंच लागतो. मूळ यंत्राला होस्ट आणि त्यावरच्या प्रत्येक आभासी सर्व्हरला गेस्ट म्हणतात.

गेस्टला स्वतःचे कर्नल नसते, आभासी प्रोसेसर नसतो आणि आभासी नेटवर्क कार्डही नसते. होस्टवरच्या काही प्रोसेसना (चालू प्रोग्रामना) एक कॉन्टेक्स्ट क्रमांक चिकटवलेला असतो, एवढेच. शून्य क्रमांक होस्टचा. एक क्रमांक प्रेक्षकाचा, त्यातून सगळ्यांच्या प्रोसेस दिसतात. बाकीचे क्रमांक गेस्टचे. म्हणून मर्यादा काय किंवा नेटवर्क काय, सगळी मांडणी होस्टवरच्या '/इटीसी/व्हीसर्व्हर्स/' या डिरेक्टरीत गेस्टच्या नावाखाली होते. तिथे एकच मोठी कॉन्फिग फाइल नसते. प्रत्येक गोष्टीसाठी इवलीशी वेगळी फाइल आणि तिच्यात बहुधा एकच आकडा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पसारा वाटतो, पण स्क्रिप्टने शंभर गेस्ट सांभाळणाऱ्याला हीच रचना सोयीची पडते.

मेमरी

मेमरीच्या मर्यादा 'आरलिमिट्स' या उपडिरेक्टरीत असतात. 'आरएसएस' म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेली मेमरी, 'एएस' म्हणजे प्रोसेसनी मागितलेली एकूण पत्त्यांची जागा, 'एनप्रॉक' म्हणजे प्रोसेसची संख्या. प्रत्येकाला 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' अशी दोन टोके देता येतात. यातला नेहमीचा खड्डा एककाचा आहे. आरएसएसचा आकडा मेगाबाइटमध्ये नव्हे, मेमरीच्या पानांत मोजतात आणि एक्स८६ यंत्रांवर एक पान ४ किलोबाइटचे असते. २५६ मेगाबाइट द्यायचे तर ६५५३६ लिहावे लागते. कुणी सरळ २५६ लिहिले, तर त्या गेस्टच्या वाट्याला जेमतेम १ मेगाबाइट येतो आणि तो धड सुरूही होत नाही.

'व्हर्ट_मेम' हा फ्लॅग लावला की गेस्टच्या आत 'फ्री' ही आज्ञा होस्टची रॅम न दाखवता सॉफ्ट मर्यादाच एकूण रॅम म्हणून दाखवते. हार्ड आणि सॉफ्ट यांतला फरक स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) म्हणून दिसतो. तो स्वॅप खरा नसतो, पण भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांची यामुळे चांगलीच सोय झाली. हार्ड मर्यादा ओलांडली की नवे पान मिळत नाही आणि मागणारी प्रोसेस मारली जाते.

मर्यादा खरोखर आड येते आहे का, हे होस्टवरच्या '/प्रॉक/व्हर्च्युअल/' खाली त्या गेस्टच्या क्रमांकातल्या 'लिमिट' फाइलमध्ये कळते. तिथे प्रत्येक संसाधनासमोर सध्याचा वापर, आजवरचे किमान-कमाल, सॉफ्ट-हार्ड मर्यादा आणि शेवटी 'हिट्स'चा रकाना असतो. हिट्समध्ये शून्याखेरीज काही दिसले, तर तितक्या वेळा मागणी नाकारली गेली आहे. गेस्टमधला डेटाबेस अधूनमधून 'आपोआप' बंद पडतो अशी तक्रार आली, तर त्याच्या लॉगआधी हा रकाना पाहावा.

ही मोजणी मात्र भोळी आहे. एकच पान दहा प्रोसेसनी वाटून घेतले तर ते दहादा मोजले जाते. त्यामुळे अपाचे या वेब सर्व्हरच्या प्रोसेसची पिलावळ चालवणारा गेस्ट खऱ्या वापराच्या कितीतरी आधी मर्यादेला टेकतो. नंतरच्या आवृत्त्यांत कर्नलमधल्याच सीग्रुपचा (प्रोसेसच्या गटाला संसाधने मोजून देणाऱ्या यंत्रणेचा) आधार घेता येऊ लागला. सीग्रुप पान एकदाच मोजतो, म्हणून जिथे तो उपलब्ध आहे तिथे आरएसएसच्या मागे न लागणेच बरे.

प्रोसेसर आणि डिस्क

प्रोसेसरसाठी व्हीसर्व्हरने टोकनची बादली वापरली. गेस्टची प्रोसेस चालत असताना घड्याळाच्या प्रत्येक टिकेला एक टोकन खर्च होते, आणि ठरावीक 'इंटरव्हल' टिका झाल्या की 'फिल-रेट' इतकी टोकन बादलीत पडतात. फिल-रेट १ आणि इंटरव्हल ४ ठेवले की दीर्घकाळात एका प्रोसेसरचा पाव हिस्सा मिळतो. बादलीची कमाल ५०० असेल तर आधी स्वस्थ बसलेला गेस्ट काही काळ पूर्ण वेगाने धावू शकतो. बादली रिकामी झाली आणि 'शेड_हार्ड' फ्लॅग लावलेला असला, की त्याच्या प्रोसेस थांबवून ठेवल्या जातात आणि 'टोकन्स-मिन' भरेपर्यंत हलत नाहीत. टोकन्स-मिन ५० असेल तर त्याला २०० टिका लागतात, म्हणजे सेकंदाला १००० टिकांच्या कर्नलवर ०.२ सेकंद. बॅचच्या कामाला हे जाणवतही नाही, पण टर्मिनलवर टाइप करणाऱ्याला अडखळल्यासारखे होते. मुख्य कर्नलचा शेड्यूलर बदलल्यावर ही यंत्रणा मागे पडून तिची जागा सीग्रुपच्या वाट्यांनी घेतली.

डिस्कची मर्यादा 'डीलिमिट्स' खाली किलोबाइट आणि आयनोडच्या (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदींच्या) संख्येत देतात. त्यासाठी फाइलसिस्टम 'टॅग' पर्यायासह माउंट केलेली असावी लागते, नाहीतर कोणती फाइल कोणत्या गेस्टची हे कर्नलला कळत नाही.

नेटवर्क

खरी कसोटी इथे लागते. व्हीसर्व्हरमध्ये नेटवर्कचे आभासीकरण नाही, फक्त विलगीकरण आहे. आयपी पत्ते होस्टचेच असतात. त्यांतले कोणते वापरायचे एवढेच गेस्टला बांधून दिलेले असते. फ्रीबीएसडीच्या जेलमध्ये मुळात हीच कल्पना होती. गेस्टने 'सगळ्या पत्त्यांवर ऐकतो' असे म्हटले, तर कर्नल ते त्याच्या पत्त्यांपुरतेच मर्यादित करते. होस्टवर अशी मर्यादा नसते. त्यामुळे होस्टचा एसएसएच (दूरवरून लॉगिन करू देणारी सेवा) सगळ्या पत्त्यांवर २२ क्रमांकाचे पोर्ट धरून बसला, तर गेस्टच्या एसएसएचला 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी त्रुटी मिळते. त्याहून वाईट म्हणजे गेस्टच्या पत्त्यावर लॉगिन करू पाहणारा थेट होस्टच्या दारात उभा राहतो. म्हणून होस्टवरच्या प्रत्येक सेवेला तिचा पत्ता स्पष्ट नेमून देणे, हे गेस्ट उभारण्याआधीचे काम आहे.

पत्ते 'इंटरफेसेस' डिरेक्टरीत ०, १ अशा क्रमाने लिहितात आणि प्रत्येकात 'आयपी', 'डेव्ह', 'प्रीफिक्स' या फाइली असतात. गेस्ट सुरू होताना पत्ता कार्डावर चढतो आणि बंद होताना उतरतो. याच सोयीत एक सापळा आहे. लिनक्समध्ये एखाद्या सबनेटचा (पत्त्यांच्या एका गटाचा) कार्डावरचा पहिला पत्ता काढला की त्याच सबनेटचे दुय्यम पत्तेही निघून जातात. म्हणजे एक गेस्ट बंद केला आणि शेजारचे सगळे गेस्ट नेटवर्कवरून गायब झाले, असे घडू शकते. त्यावर 'प्रमोट_सेकंडरीज' ही कर्नलची सेटिंग १ करणे किंवा पत्ते होस्टच्या ताब्यात ठेवून गेस्टला 'नोडेव्ह' देणे, हे उपाय आहेत. दुसरा जास्त निर्धोक.

१२७.०.०.१ या लूपबॅक पत्त्याची, म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलताना वापरते त्या पत्त्याची, गोष्टही वेगळी. व्हीसर्व्हरच्या २.२ मालिकेत गेस्टने तो मागितला की कर्नल त्याच्या पहिल्या आयपीकडे वळवत असे. परिणामी 'फक्त स्थानिक' म्हणून ठेवलेला डेटाबेस त्या आयपीवर, म्हणजे पत्ता सार्वजनिक असेल तर थेट जगासमोर उघडा पडे. २.३ मालिकेत प्रत्येक गेस्टला स्वतंत्र लूपबॅक मिळाला.

फायरवॉल होस्टवरच लिहायचा. गेस्टचे पत्ते यंत्राचे स्वतःचे असल्यामुळे त्यांची पाकिटे 'फॉरवर्ड' (दुसऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांच्या) साखळीतून न जाता 'इनपुट' आणि 'आउटपुट'मधून जातात. आभासी यंत्रांची सवय असलेले लोक फॉरवर्डमध्ये नियम लिहितात आणि ते कधीच लागू होत नाहीत. दोन गेस्टमधली वाहतूक 'एलओ' या लूपबॅक इंटरफेसवरून होते, त्यामुळे 'एलओवरचे सगळे चालू द्या' हा सर्रास लिहिला जाणारा नियम गेस्टना एकमेकांसाठी मोकळे करतो. सार्वजनिक पत्ते अपुरे असतील तर 'डमी०' या खोट्या कार्डावर खासगी पत्ते देऊन बाहेर जाताना पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतात. गेस्टला 'नेट_अॅडमिन' ही क्षमता देऊ नये; नेटवर्कची यंत्रणा सामायिक असल्याने त्याने होस्टचेही राउटिंग त्याच्या हाती जाते.

प्लॅनेटलॅब या जागतिक संशोधन जाळ्याने व्हीसर्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरला. डेबियनने स्क्वीझ आवृत्तीपर्यंत त्याचे तयार कर्नल दिले, पुढे नेमस्पेस (प्रोसेसच्या गटाला यंत्राचे वेगळे चित्र दाखवणारी सोय) आणि सीग्रुप मुख्य कर्नलमध्येच आल्यावर बहुतेकांनी त्यांवर उभ्या असलेल्या एलएक्ससी या कंटेनर-यंत्रणेकडे मोर्चा वळवला. जुने गेस्ट तिकडे नेताना नेटवर्क नव्याने मांडावे लागते, कारण तिथे गेस्टला स्वतःचे कार्ड मिळते. मेमरीचे आकडेही जसेच्या तसे नेऊ नयेत. ६५५३६ पाने म्हणजे सीग्रुपच्या भाषेत २६८४३५४५६ बाइट, हे गणित बरोबर आहे. पण जुन्या मोजणीत सामायिक पाने अनेकदा धरलेली असल्यामुळे तोच आकडा नव्या घरी गरजेपेक्षा सैल ठरतो.