भावबंध व वर्तनाचे विकार असलेल्या मुलांची दंतचिकित्सा

अगदी लहान वयात मायेच्या माणसाचा भरवसा न मिळाल्याने ज्यांचे भावबंध नीट जुळले नाहीत, किंवा ज्यांना एडीएचडीसारखा (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) वर्तनविकार आहे, अशा मुलांच्या दातांची निगा व उपचार हा बालदंतवैद्यकातला नाजूक भाग आहे. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात भावबंधाचे दोन विकार वेगळे केले आहेत. एकात मूल कितीही घाबरले तरी कुणाच्या कुशीत शिरत नाही. दुसऱ्यात ते अनोळखी माणसाशीही लगेच सलगी करते.

या दोन्हींत दंतवैद्याची फसगत होऊ शकते. पहिले मूल दाढ ठणकत असली तरी बोलत नाही, तर दुसरे हसतखेळत खुर्चीवर चढते. पण गप्प बसणे म्हणजे तयारी नव्हे. भीतीने थिजलेले मूलही हलत नाही. फ्रँकल मापनश्रेणी (१९६२) वागणुकीच्या चार पायऱ्या मोजते, मात्र ती दिसते तेवढेच टिपते.

उपेक्षेत वाढलेल्या मुलांचे दुधाचे दात अनेकदा आधीच किडलेले असतात. एडीएचडीच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते, त्याने किडीला आणखी वाव मिळतो. घरी दात घासण्यावरून रोज झटापट होत असेल, तर ब्रश आधी मुलाच्याच हाती द्यावा व राहिलेले मोठ्यांनी घासावे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

दवाखान्यात ‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ पासूनची रीत चालते, पण या मुलांच्या बाबतीत हाती थोडा ताबा देणे अधिक मोलाचे. हात वर केला की थांबायचे, असे ठरले असेल तर दात अर्धवट कोरलेला असला तरी थांबलेच पाहिजे. एकदा शब्द मोडला, की पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. ‘रडलास तर आईला बाहेर पाठवीन’ ही धमकी तर कधीच देऊ नये, कारण ताटातूट हीच त्या मुलाची मूळ जखम असते. तोंडावर हात दाबून गप्प करण्याची जुनी पद्धत अमेरिकन बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकली.

योग्य ठिकाणी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध दातावर लावून कीड रोखता येते. किडलेला भाग मात्र काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे. हॉल पद्धतीत दुधाच्या दाढेवर न कोरता, सुई न टोचता धातूची टोपी बसवतात. संसर्ग पसरला असेल किंवा बरेच दात एकदम करायचे असतील, तर पूर्ण भूल द्यावी लागते. अशा वेळी शुद्धीवर येताना ओळखीचे माणूस उशाशी हवेच.