भुकेची झेप की भीतीचा चावा? कॉर्न स्नेकच्या पिल्लाला कुठे आणि कसं भरवावं

कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणलं की एक सल्ला हमखास मिळतो. राहत्या टँकमध्ये त्याला खायला घालू नका, वेगळ्या डब्यात काढून भरवा. नाहीतर झाकण उघडलं की खाणंच आलं असं समजून ते हातावर झेपावेल आणि मोठेपणी चावरं होईल. सांगणारे हे काळजीपोटीच सांगतात. पण या सल्ल्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. भुकेल्या सापाची झेप वेगळी आणि घाबरलेल्या सापाचा चावा वेगळा. हाताला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून माणूस दोघांवर एकच उपाय करत बसतो.

घाबरलेल्या पिल्लापासून सुरुवात करू, कारण पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांना तेच भेटतं. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सपासून फ्लोरिडापर्यंतचा. बिनविषारी आहे, भक्ष्याला विळखा घालून मारतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पेन्सिलीइतकं जाड असतं. रानात त्याच्यावर पक्षी, रॅकून, दुसरे साप असे सगळेच टपलेले असतात. त्यामुळे वरून येणारी कुठलीही मोठी वस्तू त्याच्या लेखी शत्रूच. तुमचा हातही त्यातच आला.

असं पिल्लू आधी मागे सरतं. मान आखडून इंग्रजी एस अक्षरासारखी वळवतं आणि शेपटीचं टोक थरथरवतं. खाली कोरडा भुसा असेल तर त्याचा बारीक खुळखुळाट ऐकूही येतो. मग ते फटका मारतं, पण पकडून ठेवत नाही. लागलीच सोडतं आणि पळायला वाट शोधतं. कित्येकदा तर तोंड मिटलेलंच असतं. हातात धरलं तर घाण वासाचा स्राव सोडतं. आपल्याकडचा तस्कर हा बिनविषारी साप डिवचल्यावर असाच पवित्रा घेतो, सर्पमित्रांना तो चांगला ठाऊक आहे.

भुकेलेलं पिल्लू मागे सरत नाही, पुढे येतं. जीभ संथपणे, लांबवर लवलवत राहते आणि डोकं हलत्या वस्तूच्या मागोमाग वळतं. मग एकदम झेप. धरलं की सोडत नाही, उलट अंगाचे वेढे घालू लागतं. यात राग नाही की भीती नाही, हा जेवणाचा प्रकार आहे. त्याला चेतवतो तो मुख्यतः वास. बॉल पायथन या छोट्या अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, तसे कॉर्न स्नेकला नसतात. तो जिभेने वासाचे कण गोळा करतो आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवाकडे पोचवतो. हाताला उंदराचा वास असेल, तर त्याच्या दृष्टीने तो हात म्हणजे उंदीरच. मग तो टँकमध्ये असो की डब्यात.

म्हणूनच डब्याचा युक्तिवाद मला पटत नाही. पाणी बदलायला, घाण काढायला, पिल्लाला हाताळायला टँक आठवड्यातून अनेकदा उघडतो आणि खाणं मात्र पाच ते सात दिवसांतून एकदाच येतं. झाकण उघडलं म्हणजे जेवण आलं, अशी सांगड त्यातून पक्की व्हायची कशी? उलट डब्यात भरवल्यावर पिल्लाला पुन्हा टँकमध्ये ठेवायला हात घालावा लागतो, तोही नेमका नको त्या क्षणी. भक्ष्य गिळून झाल्यावरही सापाची शिकारीची तंद्री बराच वेळ उतरत नाही. सौम्य सापांनी घेतलेले चावे बरेचदा याच वेळचे असतात. आणि पोटात ताजा घास असताना उचललं, तर ते ओकून टाकण्याचा धोका असतो. मोठा साप एखादी उलटी सोसतो. काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला ती फार महागात पडते आणि वारंवार झाली तर ते दगावू शकतं. उलटी झाली तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नये, मग नेहमीपेक्षा लहान घास द्यावा.

तेव्हा भरवायचं ते राहत्या टँकमध्येच. भुसा पोटात जाईल ही भीती अगदी अनाठायी नाही, पण तिच्यासाठी साप हलवायची गरज नाही. पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू, कागदाने कोरडं करून बशीत किंवा फरशीच्या तुकड्यावर द्यावं. चुकून एखादा बारीक कण गेलाच तर निरोगी साप तो पचनमार्गातून बाहेर टाकतो.

गोठवलेली पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावी. मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवावी आणि आपल्या अंगाइतकी कोमट झाली की द्यावी. मायक्रोवेव्ह नको, त्यात ती बाहेरून शिजते, फुटते आणि आतून थंडच राहते. घासाची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा फार तर दीडपट असावी. पिंकी लांब चिमट्याने धरून हलकेच हालवावी. बोटांनी कधीच देऊ नये, कारण हात म्हणजे घास हे शिकवायचा खरा मार्ग तो आहे. त्यानंतर निदान ४८ तास पिल्लाला हात लावू नये. टँकची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस राखावी, ऊब नसेल तर पचन रखडतं. आणि साबणाने हात दोनदा धुवावेत. आधी धुतले तर चावा टळतो, नंतर धुतले तर साल्मोनेला या जंतूंचा संसर्ग.

झाकण उघडल्यावर भुकेच्या खुणा दिसल्या, पण आज जेवणाचा दिवस नसेल, तर कागदाच्या सुरळीने अंगाला हलकेच स्पर्श करावा. आज खाणं नाही, हे साप थोड्याच दिवसांत ओळखू लागतो. घाबरट पिल्लावर ही युक्ती चालवू नये. त्याला लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. हाताळणी थोडा वेळच करावी आणि हात वरून न आणता बाजूने न्यावा. भुकेच्या झेपेत दात रुतलेच तर ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढल्याने तेच तुटतात. डोक्यावर थंड पाण्याची धार धरली की साप सोडतो.

वेगळ्या डब्याला एक जागा मात्र आहे आणि ती वेगळ्याच कारणासाठी. रानातली पिल्लं सुरुवातीला सरडे आणि छोटे बेडूक खातात, त्यामुळे काहींना पिंकी हे खाणंच वाटत नाही. अशा पिल्लाला छिद्रं पाडलेल्या लहानशा डब्यात पिंकीसोबत रात्रभर अंधारात एकटं सोडतात. अरुंद जागेत ते निर्धास्त होतं आणि बऱ्याचदा सकाळी पिंकी गायब असते. ब्रीडर मंडळींचा हा जुना उपाय आहे. इथे डबा लपायला दिलेला असतो. एकदा ते नीट खाऊ लागलं की पुन्हा टँक.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी आहे आणि कॉर्न स्नेक त्यांतच मोडतो. भारतात हे सगळं वाचून कुणाला तस्कर पाळावासा वाटला, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो.

डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर पिल्लू कात टाकणार आहे असं समजावं. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून ते चिडचिडं होतं आणि खाणंही नाकारतं. त्याला जबरदस्ती करू नये, कात पडेपर्यंत थांबावं. एरवी नाकारलेली पिंकी सकाळी काढून फेकून द्यावी, पुन्हा गोठवू नये, आणि पाच-सात दिवसांनी नवी द्यावी. मधल्या काळात वजन ग्रॅममध्ये नोंदवून ठेवावं. ते उतरत चाललं, तर सरीसृप तपासणारा पशुवैद्य गाठावा.